सालाझारने गोव्याकडून काय काढून घेतलं

हा पणजीतला कांपाल. बागेत जो पुतळा दिसतोय ना तो फ्रान्सिस्को लुईस गोमिशचा, नावेलीचा माणूस, शिकून डॉक्टर झालेला आणि १८६१ मध्ये लिस्बनच्या पार्लमेंटमध्ये गोव्याचा खासदार. त्याच वर्षी त्याने फ्रान्सचा कवी आणि राजकारणी लामार्तिन याला पत्र लिहिलं, की ज्यांनी महाभारत रचलं, बुद्धिबळ शोधलं त्या लोकांतला मी आहे आणि भारतासाठी मी स्वातंत्र्य मागतोय. काँग्रेस निघायला तेव्हा अजून २४ वर्षं होती!

आता हे बळ आलं कुठून, तर १८२० मध्ये पोर्तुगालच्या पोर्तो शहरात बंड झालं, राजाला घटनेने बांधायचं म्हणून, आणि १८२२ ची जी घटना आली तिच्यात सत्ता राजाची नाही राष्ट्राची असं चक्क लिहिलेलं, छापायचं स्वातंत्र्य दिलेलं आणि गोव्यातूनही खासदार निवडून गेले. फ्रेंच राज्यक्रांतीतलेच विचार हे, जहाजाने इथवर पोचले. मत द्यायचा हक्क मोजक्यांनाच होता, हेही खरं. मधे राजेशाहीने परत डोकं वर काढलं, पुन्हा घटना आली, असं चालूच राहिलं. मग १९१० ला राजाच गेला, रिपब्लिक आलं आणि गोव्यातल्या हिंदूंनाही कायद्याने बरोबरीची जागा मिळाली. म्हणजे हक्क कशाला म्हणतात हे गोव्याला कुणी नव्याने शिकवायची गरज नव्हती.

आणि मग सालाझार, पोर्तुगालचा हुकूमशहा, मुळात इकॉनॉमिक्सचा प्रोफेसर. १९२६ ला पोर्तुगालमध्ये लष्कराने सत्ता घेतली, १९३२ ला हा पंतप्रधान झाला आणि मग ३६ वर्षं खुर्ची सोडली नाही. १९३० च्या वसाहत कायद्यात काय, तर वसाहती ताब्यात ठेवणं आणि तिथल्यांना सुधारणं हे म्हणे पोर्तुगीज राष्ट्राचं कामच आहे. पेपरवर सेन्सॉर, सभेला आधी परवानगी लागायची, अहो लग्नाची पत्रिकासुद्धा आधी सेन्सॉरला दाखवायची.

हे मडगाव, लोहिया मैदान. १८ जून १९४६ लाही असाच धो धो पाऊस होता. डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्याकडे असोळण्याला आराम करायला आलेले राममनोहर लोहिया इथे बोलायला उभे राहिले, अधिकारी मिरांडाने पिस्तूल काढलं, लोहियांनी त्याचा हात धरून त्याला बाजूला सारलं. मग अटक, पण लोक तोवर जमलेले.

ही गोव्यातल्या आग्वाद किल्ल्याच्या तुरुंगातली कोठडी. उंची बघा, खिडकी बघा. आणि हा समुद्राकाठचा किल्ला पोर्तुगालमधला पेनिश, तोही तुरुंगच, गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक टी. बी. कुन्हांना लष्करी कोर्टाने ८ वर्षांची शिक्षा देऊन इथे आणलं. १९५४ ला म्हापशात एका जेवणावळीत भाषण करणारा गोवा म्हणजे पोर्तुगालच असं म्हणाला, त्यावर सर्जन पुंडलिक गायतोंडे एवढंच बोलले, "माझा निषेध आहे." अटक झाली आणि रवानगी थेट पोर्तुगालला.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा सुटला. पोर्तुगालच्या लोकांना मात्र ही हुकूमशाही जायला एप्रिल १९७४ पर्यंत थांबावं लागलं, आणि पेनिशच्या त्या तुरुंगात आता म्युझियम आहे.