बोटांनी चाचपा: डोकं आणि मान

(दृश्य: काळ्या पार्श्वभूमीवर संथ फिरणारी कवटी)

कवटी एकसंध वाटते, पण ती 22 हाडांची असते. 8 मेंदूभोवती आणि 14 चेहऱ्यात. जन्मतः मेंदूवरची हाडं एकमेकांना पुरती भिडलेली नसतात, म्हणून तर बाळाची टाळू मऊ लागते. पुढची टाळू साधारण दीड वर्षात भरून येते. मोठेपणी या 22 हाडांतलं मोकळेपणाने हलणारं हाड एकच उरतं, ते म्हणजे खालचा जबडा. कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडा. बोटाखाली काहीतरी सरकलं ना? जबडा नुसता खाली येत नाही, थोडा पुढेही येतो.

बोट आता कानशिलावर न्या. इथे चार हाडं जुळतात आणि कवटी पातळ असते. त्यात आतल्या बाजूने नेमकी एक धमनी गेलेली असते. मार लागून ती फुटली, तर रक्त कवटी आणि मेंदूच्या आवरणामध्ये साचत जातं. माणूस आधी नीट बोलत असतो, काही तासांनी गुंगी येते. डोक्याला मार लागलेल्याला 'बरं वाटतंय' म्हणाला तरी डॉक्टर थांबवून घेतात, त्याचं एक कारण हे.

(दृश्य: मानेचे मणके, बाजूने)

मानेत मणके 7. जिराफाच्या मानेतही तेवढेच! कवटी पहिल्या मणक्यावर टेकलेली असते. होकाराची मान हलते ती तिथे. दुसऱ्या मणक्यातून एक खुंट वर आलेला असतो. त्याच्याभोवती पहिला मणका डोक्यासकट फिरतो, आणि आपण नकार देतो.

(दृश्य: गळा, समोरून. हनुवटीखाली दोन बोटं)

खरी दाटी पुढच्या बाजूला आहे. हनुवटीखालून बोटं खाली आणा. आधी लागतं ते घोड्याच्या नालेच्या आकाराचं छोटं हाड. ते दुसऱ्या कुठल्याही हाडाला जोडलेलं नाही; स्नायूंच्या आणि बंधांच्या आधारावर टांगलेलं आहे. त्याखाली कंठमणी, म्हणजे स्वरयंत्राचा पुढचा भाग. तिथे बोट ठेवून आवंढा गिळा. सगळं वर उचललं जातं.

हे उचलणं का लागतं? नाक वर, तोंड खाली. पण गळ्यात उतरल्यावर श्वासनलिका पुढे येते आणि अन्ननलिका मागे जाते. म्हणजे हवेची वाट आणि घासाची वाट एकमेकींना छेदतात. कोणी विचार करून असा नकाशा काढला नसता! म्हणून प्रत्येक घासाला श्वास क्षणभर थांबतो. पडजिभेकडचा मऊ भाग वर जाऊन नाकाची वाट अडवतो, स्वरतंतू मिटतात, स्वरयंत्र वर आणि पुढे सरकतं, त्यावरची झडप आडवी होते आणि घास मागून उतरतो. जेवताना हसलं की ठसका लागतो, कारण या क्रमात श्वास मध्येच घुसतो.

आता मान डावीकडे वळवा. उजव्या बाजूला कानामागून छातीच्या हाडापर्यंत एक तिरका स्नायू उठून दिसेल. त्याच्या पुढच्या कडेला, कंठमण्याच्या पातळीवर, नाडी लागते. ही मेंदूकडे रक्त नेणारी धमनी. ती हलक्या हाताने आणि एकाच बाजूची बघायची. धमनीला जिथे दोन फाटे फुटतात तिथे रक्तदाब जोखणारी जागा असते. ती जोरात दाबली तर एखाद्याला भोवळ येऊ शकते.

(दृश्य: थायरॉइड ग्रंथी, मागून)

कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून थायरॉइड ग्रंथी असते. ती स्वरयंत्राला बांधलेली असल्यामुळे गिळताना तीही वर जाते. मानेत गाठ दिसली की डॉक्टर पाण्याचा घोट घ्यायला सांगतात, ते हेच पाहायला. तिच्या मागे आवाजाची नस, म्हणजे स्वरतंतू हलवणारा मज्जातंतू आहे. तिची वाट फारच वाकडी. डाव्या बाजूची नस मेंदूकडून निघते, गळ्यातल्या स्वरयंत्राला ओलांडून थेट छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि पुन्हा वर येते. दुसऱ्या शतकात गेलन या वैद्याने दाखवून दिलं होतं, की ही नस कापली की ओरडणारं डुक्कर गप्प होतं.

थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत सर्जन आधी ही नस शोधतात. तिला धक्का लागला तर आवाज घोगरा होतो. काही ठिकाणी शस्त्रक्रिया चालू असतानाच नसेला सौम्य विजेचा स्पर्श देतात, आणि स्वरतंतूंचे स्नायू हलले की यंत्र 'टक' असा आवाज करतं. मग पुढचा छेद.