अफगाण चर्च: भिंतीवर कुणाची नावं?

कुलाब्यात नेव्ही नगरकडे जात राहिलं ना, की दुकानं संपतात, गर्दी विरळ होते आणि झाडांच्या वरून एक टोकदार मनोरा डोकावायला लागतो. १९८ फूट. एके काळी बंदरात येणारी जहाजं याच्यावर नजर ठेवून यायची. खरं नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट, पण टॅक्सीवाल्याला ते सांगून काही उपयोग नाही, सरळ अफगाण चर्च म्हणायचं.

आता मुंबईत अफगाण कुठून आले? तर ते आलेच नाहीत, इथली इंग्रजांची फौज तिकडे लढायला गेली होती. पहिलं अफगाण युद्ध. जानेवारी १८४२, काबूलहून माघार, साडेचार हजारांच्या आसपास सैनिक आणि बाराएक हजार नोकरचाकर, बायकापोरं, सगळे बर्फातून निघाले, काही थंडीनं गेले, काही खिंडीत कापले गेले, थोडे कैदेत सापडले, आणि आठवड्याभरानं जलालाबादच्या किल्ल्यासमोर घोड्यावरून आला तो एक जखमी डॉक्टर, ब्रायडन. सिंध आणि अफगाणिस्तानच्या त्या मोहिमांमध्ये मेलेल्यांची आठवण म्हणून हे चर्च. १८५८ च्या जानेवारीत प्रार्थना सुरू झाल्या, मनोरा पुरा व्हायला मात्र १८६५ उजाडलं.

आत एकदम गार. रंगीत काचा, पायाखाली इंग्लंडहून आणलेल्या नक्षीच्या टाइल्स, सगळं देखणं आहे, वादच नाही. पण मी अडकलो ते बाकड्यांपाशी. हे बघा, लाकडात खाच दिसतेय? बंदूक टेकवायला! प्रार्थनेला यायचं तेही बंदूक घेऊन. १८५७ च्या मे महिन्यात मेरठला उठाव झाला तो रविवारीच, गोरे संध्याकाळच्या चर्चच्या तयारीत असताना, आणि ती धास्ती पुढे कितीतरी वर्षं गेली नाही.

आता जरा वेदीकडे चला. या भिंतींवर अफसरांची नावं आहेत, एकेक करून, नीट. आणि साधे शिपाई? त्यांच्यासाठी स्मृतिलेखात म्हटलंय की ते इतके जास्त होते की नावं लिहिणं शक्य नाही. बस, एवढंच. त्या फौजेत बहुतेक जण आपल्याकडचेच होते हो, कुणाचं गाव कुठलं, मागे कोण होतं, इथे काहीच कळत नाही.

त्या ओळीवर कॅमेरा थोडा वेळ तसाच ठेवतो.