आज कोणता रंग?

(विरार स्थानक, सकाळ. फलाटावरची गर्दी. कॅमेरा गर्दीच्या मागून हळूहळू पुढे येतो.)

गुरुवार, २५ सप्टेंबर २०२५. नवरात्राचा चौथा दिवस.

या बायकांकडे जरा नीट बघा. हळदीसारखा पिवळा, लिंबाच्या सालीचा पिवळा, झेंडूचा पिवळा, आणि धुऊन धुऊन फिका पडलेला, पण आज मुद्दाम कपाटातून काढलेला पिवळा. कुणी लग्नातली साडी नेसलंय, कुणी सुती कुर्ता घातलाय. कॉलेजला निघालेल्या त्या मुलीकडे पिवळी फक्त ओढणी आहे, आणि तेवढी पुरते.

यातल्या कितीतरी जणींना एकमेकींची नावंही ठाऊक नाहीत. तरी आज कुणी कुणाला परकी वाटत नाही.

(गाडी फलाटाला लागते. डब्यातली दृश्यं.)

ही लेडीज स्पेशल. पश्चिम रेल्वेवर बायकांसाठीची पहिली गाडी ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली धावली. पुढे ती विरारपर्यंत आली. विरार ते चर्चगेट अंतर साधारण ६० किलोमीटर. रोज जाऊन-येऊन तीन तास या डब्यात जातात. म्हणून इथं मेथी निवडली जाते, पोथी वाचली जाते, झोप पुरी केली जाते, डोहाळजेवणंही होतात. नवरात्रात उपासाचे डबे उघडतात. शेंगदाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी ओळखीच्या हातातून अनोळखी हातात जाते. तिघींच्या बाकावर चौथी म्हणून कडेला टेकलेल्या बाईलाही घास मिळतो.

आणि नऊ दिवस हा डबा रोज नवा रंग घेतो.

(वर्तमानपत्राचं पान. फोटोंच्या ओळी. कॅमेरा एकेका चेहऱ्यावर थांबतो.)

ही प्रथा आली कुठून? पोथीतून नाही. अमुक दिवशी अमुक रंग नेसावा असं शास्त्रात कुठंही सांगितलेलं नाही, हे पंचांगकर्तेही स्पष्ट सांगतात. ती आली सकाळच्या पेपरातून. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत ‘महाराष्ट्र टाइम्स’नं नवरात्राच्या एकेका दिवसाला एकेक रंग दिला आणि वाचक बायकांना सांगितलं, या रंगात या, फोटो काढा, आम्हाला पाठवा.

फोटो आले. बँकेतल्या काउंटरमागच्या बायका, इस्पितळातल्या परिचारिका, शाळेच्या पायऱ्यांवर ओळीनं बसलेल्या शिक्षिका, पोलीस ठाण्यातल्या बायका, सोसायटीच्या गच्चीवरच्या सासवा-सुना. पेपरात फोटो यायचा तर मंत्री नाहीतर नटी असावं लागतं, असं धरून चाललेल्या बायकांनी दुसऱ्या दिवशी पान उघडून स्वतःला शोधलं. ते कात्रण कपाटाच्या दाराला आतून चिकटलं. पुढच्या वर्षी दुप्पट बायका तयार होत्या.

रंग ठरतात ते वारावर. रविवार नारिंगी, सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार निळा, गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा, शनिवार करडा. आठवड्याचे सात झाले की उरलेल्या दिवसांना मोरपिशी, गुलाबी किंवा जांभळा. घटस्थापना ज्या वारी येते तिथून माळ सुरू होते. यंदा ती सोमवारी होती, म्हणून पहिला मान पांढऱ्याला मिळाला.

(कानातल्यांची पाटी घेऊन डब्यात चढलेली विक्रेती. हातांचं जवळून दृश्य.)

रंगाचं गणित सगळ्यांत पक्कं हिला ठाऊक. पुठ्ठ्यावर टोचलेली कानातली, खाली लटकणारे रबरबँड, टिकल्यांची पाकिटं. आज पुढच्या दोन ओळी पिवळ्या. हिरवा माल पिशवीत तळाशी, उद्यासाठी. ती स्वतःही पिवळ्या साडीत आहे. तिच्याकडून पिवळी कुडी घेतलेल्या बाईनं ती तिथंच, खिडकीच्या काचेत बघून कानात घातली.

(वसई स्थानक.)

वसईला फुलांचा वास डब्यात चढतो. इथला मोगरा आणि चाफा रोज दादरच्या बाजारात जातो. पाटीशेजारी बसलेल्या या मावशी ख्रिस्ती आहेत. गळ्यात क्रूस, अंगावर पिवळी साडी. ‘माझ्या ग्रुपचा रंग आहे तो,’ त्या म्हणाल्या. पलीकडच्या तमिळ ताईंच्या घरी नवरात्रातला गोलू आहे, पायऱ्यांवर बाहुल्या मांडल्यात. त्याही पिवळ्यात. बंगालमधून इथं आलेल्या मुलीला पहिल्या वर्षी याचं नवल वाटलं होतं. तिच्याकडे पूजेला नवे कपडे असतात, पण रोजचा रंग नसतो. यंदा तिनं तारखा मोबाइलमध्ये नोंदवून ठेवल्यात.

(दाराजवळ उभ्या असलेल्या एक बाई. मध्यम वय. कपाळ मोकळं.)

हळदीकुंकवाला सवाष्ण लागते. ओटी भरायला सवाष्ण लागते. यांचे यजमान गेल्यापासून चाळीतलं बोलावणं यांच्या दाराशी येऊन शेजारच्या दारी वळायचं. डब्यातल्या मैत्रिणींनी मात्र पहिल्याच वर्षी विचारलं, ‘उद्या हिरवा आहे, तुमच्याकडे आहे ना?’

यांनी हिरवी साडी नेसली. लग्नातली. त्या दिवशीचा डब्यातला फोटो यांनी आम्हाला मोबाइलवर दाखवला.

(मोबाइलचा पडदा. पुढे काही क्षण निवेदन नाही. फक्त गाडीचा आवाज.)

आम्हाला हा रंगांचा खेळ मोलाचा वाटतो तो यासाठीच. इथं कुणी गोत्र विचारत नाही, नवरा आहे का विचारत नाही, कपाळ बघत नाही. अंगावर त्या रंगाची एक चिंधी असली तरी तुम्ही फोटोत.

नऊ रंगांच्या नऊ साड्या घेणं प्रत्येकीला जमत नाही, आणि काही कार्यालयांत रंग न घातलेलीला टोकलं जातं, हेही खरं आहे.

(चर्चगेट. सकाळ. फलाट झाडणारी सफाई कामगार.)

गाडी रिकामी झाली. निळ्या गणवेशाच्या आत मानेशी जे दिसतंय ते पिवळं आहे. कॅमेऱ्याकडे बघून त्यांनी कॉलर जरा बाजूला केली, आम्हाला नीट दिसावं म्हणून.

(शुक्रवार संध्याकाळ. परतीचा प्रवास. हिरव्यानं भरलेला डबा. बाहेर अंधेरीचे दिवे.)

उद्या करडा. सगळ्यांत अवघड रंग. पांढरी असते, लाल असते, हिरवी तर लग्नातली असतेच. करडी साडी कुणी हौसेनं घेत नाही. अंधेरीपासून एकच चौकशी चालली आहे. कुणाकडे जास्तीची आहे का? नणंदेकडे आहे, पण ती कल्याणला. काळी-पांढरी चौकड्याची चालेल का? लांबून करडी दिसते. चालेल, चालेल.

बोरिवलीला उतरताना एका ताईंनी पिशवीतून घडी काढली. करडी, बारीक रुपेरी काठाची. समोरच्या मुलीच्या मांडीवर ठेवली.

‘इस्त्री आहे. परत द्यायची घाई नको करू.’

(मुलीच्या हातातली साडी. गाडी सुटते.)