उतारा जेवढे सांगतो तेवढेच

विधी प्रवेश परीक्षेतील अनुमानाच्या, म्हणजे उताऱ्यावरून कोणते विधान निश्चितपणे निघते हे विचारणाऱ्या, प्रश्नांत अनेकदा बहुश्रुत विद्यार्थीच घसरतो. विषयाची माहिती असलेला वाचक उताऱ्यात नसलेले काही नकळत त्यात भरतो आणि मग सुतावरून स्वर्ग गाठतो.

आपण ठाण्यात जमलो आहोत, म्हणून इथलेच उदाहरण घेतो. समजा, उताऱ्यात म्हटले आहे, की १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी भारतातील पहिली प्रवासी रेल्वेगाडी धावली. पहिला पर्याय सांगतो, की ठाण्याची भरभराट रेल्वेमुळे झाली. दुसरा सांगतो, की त्या दिवसापूर्वी भारतात कोणतीही प्रवासी रेल्वेगाडी धावली नव्हती. ठाणेकराचा हात पहिल्याकडे जातो आणि ते विधान कदाचित खरेही असेल. पण उताऱ्यात भरभराटीचा उल्लेखच नाही. दुसरा पर्याय नीरस आहे, तरी उत्तर तोच, कारण तो नाकारला तर उताऱ्यातला ‘पहिली’ हा शब्द खोटा पडतो. पहिला नाकारून पाहा, उताऱ्याला धक्काही लागत नाही. या पर्यायात ‘कोणतीही’ आहे, हेही लक्षात घ्या. ‘सर्व’, ‘फक्त’, ‘कोणतेही’ दिसले की पर्याय खोडावा, असे शिकवले जाते. मला तो निव्वळ आळस वाटतो.

गृहीतकाच्या प्रश्नाशी मात्र गल्लत नको. तिथे लेखकाने न बोलता काय धरून चालले आहे, ते शोधायचे असते; इथे त्याने जे बोलले, त्यातून काय अटळपणे निघते, ते.

संख्यावाचक शब्दांपाशी विशेष थांबावे. बेलापूरच्या एखाद्या कार्यालयातील निम्म्याहून अधिक कर्मचारी लोकलने येतात आणि निम्म्याहून अधिक घरचा डबा आणतात, एवढे कळले, तर लोकलने येऊन डबाही आणणारा किमान एक जण तिथे असलाच पाहिजे. दोन्ही ठिकाणी ‘काही कर्मचारी’ म्हटले, की हे अनुमान कोसळते, कारण ते दोन गट पूर्णपणे वेगळे असू शकतात.

अमेरिकेच्या एलसॅट या विधी प्रवेश परीक्षेत ‘कोणत्या विधानाला सर्वाधिक आधार मिळतो’ असेही विचारतात. तिथे पर्याय नाकारून पाहण्याची कसोटी अपुरी पडते. पदरची सर्वांत कमी भर घालून कोणता पर्याय उभा राहतो, ते पाहावे लागते.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठीच्या क्लॅट या प्रवेश परीक्षेत पदवी अभ्यासक्रमासाठी १२० मिनिटांत १२० प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तराला ०.२५ गुण कापतात. चारपैकी दोन पर्याय खात्रीने बाद झाले, तर उरलेल्यांतून अंदाजाने निवडल्यासही सरासरी ०.३७५ गुणाचा लाभ होतो, म्हणून तिथे अडून बसू नये. आपल्या राज्याच्या विधी सीईटीत तर ऋण गुणच नाहीत, तेव्हा तिथे एकही प्रश्न कोरा सोडण्याचे कारण नाही.