पाळकाला ‘नाही’ कोण म्हणतं?

पाळकबंधूंनो, भगिनींनो आणि वडीलजनांनो,

मंडळी, म्हणजे आपलं चर्च, निरोगी आहे का हे ठरवताना आपण हजेरी पाहतो, बाप्तिस्म्यांचा आकडा विचारतो, उपासनेत गाणी किती जोरात झाली हेही पाहतो. माझा प्रश्न वेगळा आहे. पाळकाला तोंडावर ‘नाही’ म्हणेल आणि तरीही पुढच्या रविवारी त्याच बाकावर येऊन बसेल, असं तुमच्याकडे कोणी आहे का? अनेक स्वतंत्र मंडळ्यांत पाळक संस्थापक, पत्नी खजिनदार, मेहुणा सेक्रेटरी अशी रचना असते. यात हेतू वाईट असतो असं नाही. घरातल्या प्रार्थना सभेपासून सुरुवात होते, तेव्हा दहा-बारा माणसं असतात आणि बाहेरचं कोणी सही करायलाही पुढे येत नाही. अडचण एवढीच, की मंडळी दोनशेची झाली तरी ट्रस्टच्या कागदावर घरचीच नावं राहतात.

नव्या करारात एकट्याच्या हाती कारभार दिसत नाही. पौल आणि बर्णबा प्रत्येक मंडळीत वडील, म्हणजे मंडळीची देखरेख करणारी जबाबदार माणसं, नेमतात (प्रे. कृत्ये १४:२३), पौलाचा सहकारी तीत याला क्रेत बेटावर नगरोनगरी वडील नेमायला सांगितलं जातं, आणि इफिसच्या वडिलांना पौल मिलेतास बोलावून घेतो. पाळकाने त्यांच्यात एक म्हणून बसायचं. १ तीमथ्य ३ मधली पात्रतेची यादी नीट वाचा: शिकवण्याची हातोटी सोडली तर बाकी जवळपास सगळं वागणुकीबद्दल आहे. आपण मात्र पतसंस्थेचा चेअरमन किंवा मोठ्या हुद्द्यावरचा साहेब शोधतो.

नेमणुकीची रीत अशी ठेवा. शंभर सभासदांमागे निदान तीन वडील हवेत. नाव सुचल्यावर वर्षभर त्या माणसाला काम देऊन पाहा. मग लागोपाठ दोन रविवारी नाव वाचून दाखवा आणि कोणाची हरकत असेल तर ती खासगीत सांगायला मुभा द्या. मुदत तीन वर्षांची, पण दर वर्षी एक जण बाहेर पडेल अशी, म्हणजे सगळे एकदम बदलत नाहीत. एका घरातले दोघे नकोत, पाळकाचे नातेवाईक तर नकोतच. पाळकाचं मानधन किंवा घर चर्चेला आलं की पाळकाने बाहेर जावं. इतिवृत्तात तसं लिहावंही.

आता दान. खरी गळती इथे होते, म्हणून जरा सावकाश जाऊ.

उपासना संपली की थैल्या पाळकाच्या घरी जातात, ही पद्धत बंद करा. आपसात नातं नसलेल्या दोघांनी, लोक अजून आवारात असताना, दार उघडं ठेवून मोजणी करायची. खजिनदाराने मोजायचं नाही. त्याचं काम नोंदीचं. आधी पाकिटं उघडायची, वर लिहिलेली रक्कम आणि आतली रक्कम ताडून पाहायची, फरक असेल तर पाकिटावरच लिहायचा. मग सुट्या नोटा: पाचशेच्या किती, दोनशेच्या किती, शंभरच्या किती, खाली दहापर्यंत, शेवटी नाणी. बेरीज आकड्यांत आणि अक्षरी. दोघांच्या सह्या, दोन प्रती: एक खजिनदाराकडे, दुसरी एका वडिलांकडे. सोमवारी सगळीच्या सगळी रक्कम बँकेत जमा.

‘सगळीच्या सगळी’ यावर माझा जोर आहे. टँकरवाला दारात उभा होता म्हणून थैलीतूनच बाराशे दिले, तर जमाही बाराशेने कमी दिसते आणि खर्चही वहीत येत नाही. वर्षअखेरीला हिशेब तपासनीस विचारतो तेव्हा कोणालाच आठवत नाही, आणि चोरी झालेली नसताना चोरीचा संशय उभा राहतो. किरकोळ खर्चासाठी पाचेक हजारांची वेगळी पेटी ठेवा आणि ती पावत्या पाहूनच पुन्हा भरा. आता थैलीपेक्षा मोठा धोका क्यूआर कोडचा आहे. भिंतीवरचा कोड पाळकाच्या स्वतःच्या खात्याचा असेल तर आजच काढा. ट्रस्टच्या खात्याचाच कोड लावा आणि महिन्याच्या शेवटी बँकेचं स्टेटमेंट वहीशी जुळवा. यरुशलेमेसाठी वर्गणी नेताना, कोणी दोष देऊ नये म्हणून पौल मंडळ्यांनी निवडलेल्या माणसाला बरोबर घेतो (२ करिंथ ८:१८-२१). पौलाला साक्षीदार लागतो, तर आपल्यालाही लागेल.

महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत ट्रस्टांना १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागू आहे. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट धर्मादाय कार्यालयात जायला हवा. तो न दिल्याने मयत विश्वस्तांची नावं वर्षानुवर्षं नोंदीवर राहतात, आणि दोन गट पडले की खरे विश्वस्त कोण यावरच वाद सुरू होतो.

पाळकावर आरोप आला तर? १ तीमथ्य ५:१९ म्हणतं, दोन-तीन साक्षीदारांवाचून तो ऐकू नये. हे अफवांपासून संरक्षण आहे, चौकशी टाळण्याची सोय नव्हे; पुढच्याच वचनात पाप करणाऱ्या वडिलाला सर्वांसमोर दोष द्यायला सांगितलं आहे. ‘अभिषिक्ताला हात लावू नका’ हे स्तोत्र १०५ मधलं वचन आपल्याकडे सर्रास ढालीसारखं वापरतात. तिथे देव परक्या राजांपासून अब्राहामासारख्या कुलपित्यांना राखतो आहे. पाळकाच्या हिशेबाशी त्याचा काडीचा संबंध नाही. मत्तय १८ मधली पायरीही जपून लावा. दोन भावांचं बिनसलं असेल तर आधी एकान्तात भेटणं योग्यच. पण छळ झालेल्या मुलीला ‘आधी त्यांना एकटी भेट’ म्हणणं क्रूरपणा आहे. अठरा वर्षांखालच्या मुलामुलीचा लैंगिक छळ कळला तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाच गुन्हा. ‘मंडळीतच मिटवू’ हा पर्याय वडिलांच्या हातात नाही.

शेवटचा मुद्दा निवृत्तीचा. पाळक खुर्ची सोडत नाहीत म्हणून आपण कुरकुरतो. सोडून जातील कुठे? घर मंडळीच्या आवारातलं, पेन्शन नाही, मुलांची शिक्षणं चालू. अशा माणसाला कोणी ‘नाही’ म्हटलं की ते त्याला छप्पर काढून घेतल्यासारखं वाटतं. म्हणून पहिल्या वर्षापासून मानधनाबरोबर ठरावीक रक्कम त्यांच्या नावे एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) किंवा पीपीएफमध्ये (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) टाका, कुटुंबाचा आरोग्य विमा काढा, आणि निवृत्तीचं वय नेमणूक पत्रातच लिहा. उत्तराधिकारी दोन वर्षं आधी शोधायला लागा. पाळकाचा मुलगाही उमेदवार असेल, तर निवडीच्या बैठकीला पाळकाने बसू नये. नवा पाळक आल्यावर जुन्यांनी पहिलं वर्षभर दुसऱ्या मंडळीत उपासनेला जावं, व्हॉट्सॲप ग्रुपचं ॲडमिनपद सोडावं, आणि लग्न-मयतीला घरोघरची बोलावणी आली तरी, नव्या पाळकाने स्वतः विनंती केल्याशिवाय विधी चालवू नयेत.