रियुजो : विशाखापट्टणमवर विमानं पाठवणारी नौका

मंडळी, 6 एप्रिल 1942 रोजी विशाखापट्टणम आणि काकिनाडा या आपल्या दोन बंदरांवर जपानी विमानांनी बॉम्ब टाकले. ती विमानं उडाली होती बंगालच्या उपसागरात शिरलेल्या ‘रियुजो’ नावाच्या एका छोट्या विमानवाहू नौकेवरून. पर्ल हार्बर या अमेरिकन नाविक तळावर हल्ला करायला गेलेल्या सहा जपानी विमानवाहू नौकांविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे. रियुजो त्या सहांत नव्हती, म्हणून तिचं नाव मागे पडलं. आपल्या किनाऱ्याशी मात्र तिचा थेट संबंध आला, आणि म्हणून मला वाटतं, तिची गोष्ट आपल्याला माहीत असायला हवी.

या गोष्टीची सुरुवात होते कागदावरच्या आकडेमोडीतून. मोठ्या देशांच्या नौदलांवर मर्यादा घालणाऱ्या 1922 च्या वॉशिंग्टन करारानुसार जपानला विमानवाहू नौकांसाठी एकूण 81,000 टनांची मर्यादा होती. त्यातले जवळपास 54,000 टन ‘अकागी’ आणि ‘कागा’ या दोन विमानवाहू नौकांनीच खाल्ले. पण करारात एक पळवाट होती : 10,000 टनांखालची नौका या हिशेबात धरली जात नसे. मग जपानी नौदलाने 8,000 टनांची नौका आखली आणि नोव्हेंबर 1929 मध्ये योकोहामात तिचं बांधकाम सुरू केलं. पुढच्याच वर्षी लंडनच्या करारात ती पळवाट बुजवली गेली. आता नौका हिशेबात येणारच, तर मग विमानं तरी जास्त मावू देत, या विचाराने त्याच अरुंद सांगाड्यावर हँगरचा, म्हणजे विमानं ठेवायच्या जागेचा, दुसरा मजला चढवला. विमानं 48 मावू लागली, पण नौका डोईजड झाली.

असा मजला चढवल्यावर काय होतं, ते आपल्याला सहज कळेल. होडीत माणसं उभी राहिली की होडी डोलू लागते, बसली की स्थिर होते. रियुजोतली सगळी माणसं जणू कायम उभी होती. मे 1933 मध्ये ती नौदलात दाखल झाली. 1934 च्या मार्चमध्ये ‘तोमोझुरु’ ही तशीच डोईजड टॉर्पेडो बोट वादळात उलटली, तेव्हा अधिकारी हादरले आणि रियुजोला परत गोदीत आणलं गेलं. दोन्ही कुशींना फुगवटे जोडले, तळाशी वजन भरलं. सप्टेंबर 1935 मध्ये जपानच्या आरमाराला तुफानाने गाठलं, तेव्हा लाटा तिच्या पुढच्या डेकवरून थेट नियंत्रण कक्षावर आदळल्या. तिला इतरांसारखा उंच मनोरा नव्हता, कप्तान उड्डाण-डेकच्या पुढच्या कडेखाली बसवलेल्या खिडक्यांमधून समुद्र पाहत असे. पुन्हा गोदी, आणि या वेळी नाळेकडचा, म्हणजे पुढच्या टोकाचा भाग एका मजल्याने उंच केला. इतकं करूनही विमानं डेकवर चढवणारी मागची लिफ्ट नव्या विमानांना तोकडीच पडत राहिली.

अशा नौकेला मुख्य ताफ्यात जागा मिळणं कठीणच होतं. डिसेंबर 1941 मध्ये जपान युद्धात उतरला, त्या पहिल्याच दिवशी तिची विमानं फिलिपिन्समधल्या दावाओवर गेली, मग मलाया, जावा. एप्रिल 1942 मध्ये ॲडमिरल ओझावा यांच्या ताफ्याबरोबर ती बंगालच्या उपसागरात आली.

इथे जरा थांबू या. दुसरे जपानी ॲडमिरल नागुमो यांचा मोठा ताफा कोलंबो आणि त्रिंकोमालीवर हल्ले करत होता, त्याच दिवसांत ओझावांच्या ताफ्याने उपसागरात 23 व्यापारी जहाजं बुडवली, एक लाख टनांहून अधिक. किनाऱ्यावर भीतीची लाट पसरली. मद्रास सरकारने कचेऱ्या आतल्या गावांत हलवल्या. शहरातल्या प्राणिसंग्रहालयातली हिंस्र जनावरं, हल्ल्यात मोकळी सुटतील या भीतीने, गोळ्या घालून मारण्यात आली. विशाखापट्टणमला तर सोलापूरच्या वालचंद हिराचंदांची सिंदिया कंपनी जहाजबांधणीचा कारखाना उभारत होती. जून 1941 मध्ये राजेंद्रप्रसादांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली होती. हल्ल्यानंतर ते काम रखडलं आणि तिथलं पहिलं जहाज, ‘जलउषा’, पाण्यात उतरायला मार्च 1948 उजाडला. बॉम्ब थोडेच पडले, नुकसान फार नव्हतं, असं म्हणून हा प्रसंग बाजूला सारला जातो. मला ते पटत नाही. एका छोट्या, सदोष नौकेने आपला सगळा पूर्व किनारा हादरवला होता.

जूनमध्ये पॅसिफिकमधल्या मिडवे बेटाजवळ जपान आणि अमेरिकेची लढाई चालू असताना रियुजो दूर उत्तरेला, अलास्काजवळ डच हार्बर या अमेरिकन तळावर हल्ले करत होती. 4 जूनला तिच्या एका ‘झीरो’ लढाऊ विमानाची तेलाची नळी गोळीने फुटली. वैमानिक तादायोशी कोगा याने अकुतान बेटावरचं हिरवंगार मैदान पाहून विमान उतरवलं. ती दलदल होती. चाकं रुतली, विमान उलटलं आणि कोगा जागीच गेला. शत्रूच्या हाती लागू नये म्हणून असं विमान सोबत्यांनी नष्ट करायचं असा दंडक होता. पण आपला मित्र आत जिवंत असेल, या विचाराने त्यांचा हात उचलला नाही. विमान जवळजवळ शाबूत राहिलं आणि जुलैमध्ये अमेरिकनांना सापडलं.

मिडवेला जपानच्या चार मोठ्या विमानवाहू नौका बुडाल्यावर रियुजोला पुढच्या फळीत येणं भाग पडलं. 24 ऑगस्ट 1942 रोजी, सॉलोमन बेटांच्या पूर्वेला, तिला ‘तोने’ ही क्रूझर आणि दोन विनाशिका देऊन मुख्य ताफ्यापासून वेगळं पुढे पाठवलं. काम होतं ग्वादालकनाल बेटावरच्या, अमेरिकनांच्या ताब्यातल्या हेंडरसन धावपट्टीवर हल्ला करायचं. तिला आमिष म्हणूनच धाडलं का, यावर अभ्यासकांचा वाद आहे. परिणाम मात्र आमिषासारखाच झाला. अमेरिकन ॲडमिरल फ्लेचर यांनी ‘साराटोगा’ या विमानवाहू नौकेवरची 38 विमानं तिच्यावर सोडली आणि त्यानंतर त्यांना कळलं, की ‘शोकाकू’ व ‘झुईकाकू’ या खऱ्या मोठ्या जपानी विमानवाहू नौका दुसरीकडेच आहेत. दुपारनंतर रियुजोच्या उजव्या कुशीत टॉर्पेडो घुसला. इंजिनांत पाणी शिरलं, नौका कलली. ग्वादालकनालहून परतलेल्या तिच्या वैमानिकांना उतरायला डेकच उरला नव्हता, त्यांनी विमानं समुद्रात उतरवली. संध्याकाळी ती बुडाली. सुमारे 120 माणसं गेली, उरलेल्यांना विनाशिकांनी पाण्यातून उचललं.

कोगाचं विमान तोवर सॅन डिएगोला पोचलं होतं. दुरुस्तीनंतर 20 सप्टेंबर 1942 रोजी ते पुन्हा उडालं, या वेळी अमेरिकन वैमानिकाच्या हाती. सुसाट सूर मारताना त्याच्या पंखांवरच्या झडपा जड होतात, नाक एकदम खाली दाबलं की इंजिन क्षणभर गुदमरतं, हे सगळं कागदावर उतरवलं गेलं. रियुजो बुडून तेव्हा चार आठवडेही झाले नव्हते.