दोन छोटे शब्द शेजारी आले की

नमस्कार श्रोतेहो.

पाऊस सुरू झालाय, मुलगा अंगणात भिजतोय आणि दारातून त्याची आई ओरडते, 'कम इन आउट ऑफ द रेन!' इंग्रजी घरात कुणाच्याही तोंडी येईल असं हे वाक्य. पण पुस्तकातून इंग्रजी शिकलेला आपल्याकडचा माणूस इथे थबकतो. 'इन' म्हणजे आत, 'आउट' म्हणजे बाहेर. मग ही बाई मुलाला आत बोलावतेय की बाहेर?

दोन्ही. घराच्या आत, पावसाच्या बाहेर. 'इन' हा शब्द तिथे एकटा उभा राहू शकतो. नुसतं 'कम इन' म्हटलं तरी वाक्य पुरं होतं. 'ऑफ'चं तसं नाही. त्याला पुढे 'रेन' हवाच. आज बोलायचंय ते याच फरकाविषयी, कारण रोजच्या बोलण्यातलं इंग्रजी अडतं ते बहुतेक वेळा इथेच.

आपल्या व्याकरणात हा फरक आहे आणि आपण तो शाळेत शिकलोय. 'तो वर गेला' यातलं 'वर' क्रियाविशेषण अव्यय. 'झाडावर' मधलं 'वर' शब्दयोगी अव्यय. शब्द तोच, काम वेगळं. आपलं शब्दयोगी अव्यय नामाला मागून चिकटतं, म्हणून गोंधळ होत नाही. इंग्रजीतलं नामाच्या आधी येतं आणि सुटं लिहिलं जातं. त्यामुळे क्रियाविशेषण आणि ते शेजारी शेजारी येऊन बसतात, आणि आपल्याला तो एकच गुंता वाटतो.

गंमत म्हणजे ही जोडी आपणही दिवसभर वापरतो. 'वर माळ्यावर बघ.' 'आत स्वयंपाकघरात आहे.' 'खाली अंगणात खेळा.' माळा वरच असतो, मग 'वर' कशाला? तर बोलणारा जिथे उभा आहे तिथून दिशा दाखवायला. आधी दिशा, मग जागा. इंग्रजीत अगदी हेच चालतं: 'अप इन द लॉफ्ट', 'आउट इन द गार्डन', 'ओव्हर ॲट माय सिस्टर्स'. 'ही इज ॲट द शॉप' हे वाक्य बरोबरच आहे. पण घरात बोलताना माणसं 'ही इज डाउन ॲट द शॉप' असं सहज म्हणतात. त्या 'डाउन'मुळे दुकान घरापासून कुठल्या अंगाला आहे तेही कळतं. आपलं इंग्रजी शुद्ध असूनही पुस्तकी वाटतं त्याचं एक कारण, मला वाटतं, ही दिशा आपण गाळतो हे आहे. मराठीत न चुकता सांगतो आणि इंग्रजीत गाळतो.

'अप' आणि 'डाउन' म्हणजे नेहमी उंच आणि सखल असंही नाही. ब्रिटनच्या रेल्वेत लंडनकडे जाणारी गाडी 'अप'. तीच पद्धत इथे आली, आणि मुंबईच्या लोकलमध्ये छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे किंवा चर्चगेटकडे जाणारी गाडी आजही 'अप'च. चढ असो वा नसो.

आता रेडिओ आहे तर कानानेच ऐकू या. 'आय कान्ट पुट अप विथ द नॉइज.' हा गोंगाट मला सहन होत नाही. जोर कुठे पडला? 'अप'वर. 'विथ' हलकाच आला आणि 'नॉइज'कडे सरकला. म्हणजे तोडायचं झालं तर असं: 'पुट अप', जरा थांबा, 'विथ द नॉइज'. हे जोराचं सूत्र मी गाइडमधल्या शंभर वाक्प्रचारांच्या यादीपेक्षा मोलाचं मानते. मधला शब्द जोरात, शेवटचा हलका. 'कॅच अप विथ', 'गेट अवे विथ', 'लुक डाउन ऑन', 'कम अप विथ', सगळीकडे हाच ठेका ऐकू येतो. सॅम्युएल जॉन्सन यांनी 1755 साली आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश काढला, तेव्हा प्रस्तावनेतच म्हणून ठेवलं होतं की क्रियापदामागे छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची ही रीत परक्यांना सर्वांत अवघड जाते. आपल्याला ती अवघड वाटते यात कमीपणा काहीच नाही.

दुसरी खूण म्हणजे नाम काढून बघायचं. 'वी हॅव रन आउट ऑफ शुगर', साखर संपली. कशाबद्दल चाललंय हे ठाऊक असेल तर नुसतं 'वी हॅव रन आउट' म्हणता येतं. साखर गेली, तिच्याबरोबर 'ऑफ' गेला, 'आउट' मात्र जागेवर राहिला. प्रश्न विचारा, 'व्हॉट हॅव वी रन आउट ऑफ?' नाम पुढे गेलं आणि 'ऑफ' मागे उरला. असा शब्द वाक्याच्या शेवटी ठेवू नये, ही तक्रार इंग्रजी कवी जॉन ड्रायडन यांनी 1672 साली केली आणि पुढे कितीतरी शाळांनी तो नियमच करून टाकला. बोलणाऱ्यांनी तो कधी मानला नाही. तुम्हीही मानू नका.

आता अर्जांत आणि ईमेलमध्ये जिथे हमखास घोटाळा होतो ती जागा. 'आय लुक फॉरवर्ड टू मीट यू' असं लिहिलं जातं. हवं 'टू मीटिंग यू'. कारण हा 'टू' 'आय वॉन्ट टू गो' मधला नाही. इथला 'टू' नाम मागतो, म्हणून क्रियापदाला 'इंग' लावून नामासारखं करावं लागतं. ओळखायचं कसं? पुढे 'इट' घालून बघा. 'आय लुक फॉरवर्ड टू इट' चालतं. 'आय वॉन्ट टू इट' चालत नाही. 'आय ॲम यूज्ड टू वेकिंग अर्ली', मला लवकर उठायची सवय आहे, इथेही तेच.

लिहिताना आणखी एक. 'इन' आणि 'टू' जोडून 'इन्टू' लिहायचं ते दोघं मिळून पुढच्या नामाशी जोडलेले असतील तरच: 'शी वॉक्ड इन्टू द रूम'. पण रस्त्यात सापडलेलं पाकीट पोलिसांकडे जमा केलं तर 'शी हँडेड इट इन टू द पोलीस', सुटं. 'इन' आहे 'हँड'चा, 'टू' आहे पोलिसांचा. 'टर्न'च्या बाबतीत तर अर्थच पालटतो. 'ही टर्न्ड हिमसेल्फ इन टू द पोलीस' म्हणजे तो स्वतः होऊन पोलिसांच्या स्वाधीन झाला. तेच जोडून लिहिलंत तर त्याने स्वतःचं रूपांतर पोलिसांत केलं असा अर्थ निघतो, आणि शब्द दोन्हीकडे बरोबर असल्यामुळे संगणकाची शुद्धलेखन तपासणीही बहुधा तो चुकीचा धरत नाही.

नमस्कार.